तारीख मागे ठेवलेला कॉम्प्युटर

माझ्या वडिलांच्या कॉम्प्युटरवर रोज एकच तारीख असायची. सहा वर्षांपूर्वीची. सकाळी खात्यात, म्हणजे एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात पोचले की आबा चहाच्याही आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख मागे न्यायचे आणि मगच कामाला बसायचे. त्यांचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं, त्याची मुदत कधीच संपली होती. ते घालून देणारा बंगाली कारागीर गावी निघून जाताना सांगून गेला होता, तारीख मागे ठेवा, याला नेट लावू नका, म्हणजे याला कळणार नाही. आबांनी हे दोन नियम देवपूजेसारखे पाळले.

आबा पंचिंग करायचे. साडीवर एम्ब्रॉयडरी मशीनने कोणता टाका कुठे घालायचा, ते कॉम्प्युटरवर आखून द्यायचं काम. त्याआधी वीस वर्षं ते लूमवर होते आणि तिथल्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. आमच्याशी ते ओठ बघून बोलतात. सुरतेत ऐकू न येणाऱ्या माणसाला वॉचमन म्हणूनसुद्धा कोणी ठेवत नाही. पंचिंगची ती एक खुर्ची अशी होती, की जिथे बसायला कान लागत नव्हते. ती गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती, हे नवागामच्या आमच्या दोन खोल्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलून कोणी दाखवत नव्हतं.

मी दिंडोलीतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे घरात माझा तोरा काही औरच. आबांच्या त्या तारखेची मी भरपूर टिंगल केली आहे. तुमचं वय तरी वाढतं का तिथे, असं विचारायची. ते हसायचे. हसण्यावारी नेण्याची त्यांची सवय मला तेव्हा भोळेपणाची वाटायची.

मागच्या दिवाळीनंतर खात्यात नवीन मशीनं आली. त्यांना डिझाइन पेन ड्राइव्हने नाही, थेट वायरीतून जायचं. वायर जोडायची तर प्रत्येक कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमचं नवीन व्हर्जन हवं, कारण जुन्याला आता कंपनी सांभाळत नाही, असं मॅनेजरने सांगितलं. मॅनेजर गोड माणूस. कधी आवाज चढवला नाही त्याने. डिझाइन रूममध्ये पाच कॉम्प्युटर होते. त्यातल्या पहिल्या दोन कॉम्प्युटरांनी नवीन व्हर्जन घेतलं नाही, म्हणून ते जिन्याखाली नेऊन ठेवले. त्यांच्यावर काम करणाऱ्या दोघांना कोणी काढलं नाही. नवा कॉम्प्युटर आला की बोलावतो, एवढंच सांगितलं. नवे कॉम्प्युटर आले, त्यांच्यावर दोन नवी पोरं बसली. आबा हे सगळं बघत होते. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं बघणं फार पक्कं आहे.

घरी आल्यावर ते मला म्हणाले, "बेटा, तुले येस ना हाई? करी दे."

रविवारी खातं बंद असतं. दुपारी मॅनेजरकडून किल्ली घेऊन आम्ही दोघं गेलो. बंद मशीनांच्या रांगांमधून चालताना मला उगाच भीती वाटली. इतकं शांत खातं मी कधी पाहिलं नव्हतं. आबांना काहीच वेगळं वाटलं नसणार, त्यांच्यासाठी ते रोजच तसं.

स्क्रीनवर निकाल आला, हा कॉम्प्युटर नवीन व्हर्जन चालवू शकत नाही. का, तर त्याचा प्रोसेसर यादीत नाही. माझं डोकंच फिरलं. धडधाकट मशीन, एकदा बंद पडलं नाही, आणि कोण कुठली यादी त्याला मेलेलं ठरवणार. ही तपासणी चुकवायची एक वाट मला माहीत होती. त्याआधी जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल करायला हवी होती, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दहा वेळा सांगते. मोकळी डिस्क मी आणली नव्हती. आबांची डिझाइनं आणि ते सॉफ्टवेअर तेवढं पेन ड्राइव्हवर घेतलं, बाकी सगळं पुसलं आणि नवीन व्हर्जन घातलं. चाललं. आबांनी तारीख मागे नेली, सॉफ्टवेअर उघडलं, मोराची एक बुट्टी स्क्रीनवर आली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी इतकी खूश होते की परतताना त्यांना रसाच्या गाडीवर नेऊन उसाचा रस पाजला.

सोमवारी मॅनेजरने स्वतः वायर जोडली आणि तिच्यातून नेटही आलं. नवीन व्हर्जन नेट मिळताच तारीख आपणहून बरोबर करून घेतं. ते बंद करायचं एक बटन असतं. ते मी क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवते. रविवारी मी ते दाबलं नाही. यादीला हरवल्याच्या मस्तीत मला त्याची आठवणच झाली नाही. तारीख सहा वर्षं पुढे उडाली आणि आबांच्या समोर सॉफ्टवेअर मिटलं. मुदत संपल्याचं त्याला एकदा कळलं होतं; पुन्हा तारीख मागे नेऊन, पेन ड्राइव्हवरून परत घालूनही ते उघडलं नाही. परत जायला जुनी डिस्क मीच पुसलेली. डिझाइनं सगळी होती, नव्या मशीनांबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतही होती, पण त्यातला एक टाका हलवता येत नव्हता.

दुपारी आबा घरी आले. "माले वाटनंच व्हतं. जुनं व्हयी गयथं ते," म्हणाले. चूक माझी होती, एका बटनाची होती, हे तोंडापर्यंत आलं होतं. ते ओठ बघतात, म्हणून मी ओठ हलवलेच नाहीत. मला त्याची लाज वाटते. संध्याकाळी ओट्यावर ते शेजाऱ्यांना आपल्या लेकीचं कौतुक सांगत होते, "मनी आंडेरनी खूप खटपट करी, पन मशीनच म्हतारं."

मॅनेजरने त्यांनाही सांगितलं होतं, बोलावतो. आबांना फोन ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी माझा नंबर देऊन ठेवला. चौथ्या दिवशी क्लासमध्ये शिकवताना मला फोन आला. नेहमीसारखाच गोड आवाज. "बेन, काकाने केजो, बीजो माणस राखी लीधो छे." काकांना सांगा, दुसरा माणूस ठेवला. काकांना वाईट वाटू देऊ नका, असंही तो म्हणाला. मी हो म्हटलं.

आबा अजून सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. बोलावल्याशिवाय खात्यात जायचं नाही, हा त्यांचा मान. संध्याकाळी मी चप्पल काढत असते तेव्हा ते समोर येऊन माझ्या तोंडाकडे बघत विचारतात, "फोन उना का?"

"आजून नही उना," मी सावकाश म्हणते, त्यांना नीट दिसेल असं.