शांतिदूताचं मानपत्र

आयुष्यात मी एकच मानपत्र लिहिलं, आणि त्यानं एक मिटलेलं भांडण पुन्हा पेटवलं. मानपत्र कुणाचं, तर आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळालेल्या माणसाचं. एवढी हुशारी सगळ्यांना जमत नाही.

तेव्हा मी उधव्याच्या बाजूच्या एका पाड्यावर शाळेची मुख्याध्यापिका होते. राहायला डहाणूला, रोज आधी एसटी आणि मग जीप. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि मराठी घेऊन बी.ए. झाल्याचा असा तोरा, की पोरांना "पाणी प्या" म्हणायच्या जागी माझ्या तोंडी "जलपान करा" यायचं. आज ती बाई मला समोरून येताना दिसली तर मी शेजारच्या दुकानात शिरेन.

हे आठवायला कारण माझी नात. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय असा की आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कार लायक माणसांना मिळतात की नाही. तिच्या वाट्याला आलंय "मिळतात".

"आजी, दोन मुद्दे सांग ना."

"मिळतात म्हणून? एक पण नाही."

"असं कसं? एवढी मोठी समिती असते. विचार करूनच देत असतील."

"समिती बसते तिथवर भांडणाचा आवाज पोचतो का?"

"मुद्दे सांग गं. टोमणे नकोत."

आता टोमणे काढून घेतले तर माझ्याकडे उरतं काय? दरवर्षी पाऊस सरला की टीव्हीवर या पुरस्कारांच्या बातम्या सुरू होतात आणि मी चहा घेऊन पुढ्यात बसते. कुणीतरी बॉम्ब टाकायला विमानं पाठवायची थांबवलेली असतात, की लगेच त्याचं नाव पुढे. ती विमानं मुळात धाडली कुणी होती, असं विचारणारा वाईट ठरतो. दोघे भांडणारे हात मिळवतात, तिसरा मधे उभा राहून फोटोत हसतो आणि पदक तिसरा घेऊन जातो. काही तर स्वतःच सांगत सुटतात, मलाच द्या. आमच्या पहिलीतली पोरंही बक्षीस अशीच मागायची, पण त्यांना निदान पोत्यात पाय घालून धावावं लागायचं. अधूनमधून एखाद्या खऱ्या माणसालाही देतात, नाही असं नाही. नाहीतर बाकीच्यांच्या पदकाला चकाकी कुठून येणार?

हे सगळं मी नातीला ऐकवलं. तिनं त्यातलं फक्त खऱ्या माणसालाही देतात एवढंच उतरवून घेतलं. "हा एक मुद्दा झाला," म्हणाली.

मी मानपत्र लिहिलं ते आमचे साहेब त्या तिसऱ्या माणसाच्याच जातकुळीतले, फक्त मापानं लहान. डहाणूला चिकूच्या वाड्या, स्वतःची एक संस्था, कायम पांढरा सदरा. परदेशातल्या कुठल्याशा मंडळानं त्यांना पुरस्कार दिला, "आदिवासी भागात शांतता प्रस्थापित केल्याबद्दल". मंडळाच्या नावात "जागतिक" पण होतं आणि "मानवता" पण होतं. मी तेवढ्यावर भाळले. ते मंडळ कोण, कुठलं, पुरस्कार दिला त्या हॉटेलात त्याच संध्याकाळी त्यानं आणखी किती शांतिदूत घडवले, हे विचारायचं मला सुचलं नाही. साहेबांचा सत्कार आमच्या शाळेच्या पटांगणावर ठरला, कारण त्यांनी जी शांतता केली म्हणत होते, ती आमच्याच दोन पाड्यांमधली होती.

ती खरी कशी झाली, ते मला ठाऊक होतं. हे जास्त वाईट.

शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होती. वयानं माझ्याएवढी, तोंडानं माझ्या दुप्पट. ती वरच्या पाड्यातली. तिची लेक ओढ्यापलीकडे खालच्या पाड्यात दिलेली. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी राब भाजतात. म्हणजे वाफ्यावर शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा पसरून जाळायचा आणि त्या भाजल्या मातीत पेरायचं. त्या उन्हाळ्यात खालच्या पाड्यातल्यांनी राबासाठी मावशीच्या ऐनाच्या झाडाच्या फांद्या न विचारता उतरवल्या. मावशीनं जाब विचारला तो दगडानं. दगड बसला थेट तिच्या व्याह्याच्या कपाळावर.

झालं. ओढ्यावरनं येणंजाणं बंद. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला आईकडे यायची होती. सासऱ्यानं सांगितलं, ती इथंच राहील. मावशी खिचडी ढवळताना त्या पाड्याला शिव्या द्यायची आणि मधेच गप्प व्हायची. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. ती भीती तिच्या शिव्यांच्या खाली होती, हे मला शिव्या ऐकूनही कळायचं.

साहेब या भांडणात एकदा आले. ओढ्याच्या काठावर गाडी उभी केली, दोन्हीकडच्या पोरांना बिस्किटाचे पुडे वाटले, फोटो काढला, गेले. तो फोटो परदेशी गेला.

भांडण मिटवलं मावशीनं. एका सकाळी तिनं आपल्याच ऐनाच्या उरलेल्या फांद्या आपल्याच हातानं तोडल्या, भारा डोक्यावर घेतला, ओढा ओलांडला आणि व्याह्याच्या राबावर नेऊन टाकला. माफी नाही, रडणं नाही. व्याह्यानं ताडी मागवली. दोन्हीकडची माणसं बसली, प्याली, लेक पुढच्या महिन्यात आईकडे येणार असं ठरलं, मिटलं. आणि मिटलं म्हणजे त्यांच्यात असं, की चूक कुणाची होती हे त्यानंतर तोंडातून काढायचं नाही. जो काढील त्यानं भांडण उघडलं.

तांदूळ निवडताना मावशीनं मला हे सांगितलं होतं. "बाई, तुमी वरच्या नाही नि खालच्याही नाही, म्हणून बोलले. आता तुमी पण विसरा."

मी मान डोलावली. भाषणं करणाऱ्या माणसाच्या मान डोलावण्यावर कुणी जाऊ नये.

साहेबांचा माणूस येऊन म्हणाला, "मानपत्रात जरा ठोस तपशील हवा, बाई." मला तेवढंच पुरे होतं. मी लिहिलं: "वनसंपदेच्या चौर्यकर्मातून उद्भवलेला रक्तरंजित संघर्ष आपल्या करुणामय मध्यस्थीने शमला." चारदा मोठ्यानं वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले. शाळा नुकती उघडली होती. पटांगणात मांडव, एका बाजूला वरचा पाडा, दुसऱ्या बाजूला खालचा, लेक सासूजवळ बसलेली, एक हात स्वतःच्या कमरेवर. साहेबांना सोडायला पांढरं कबुतर हवं होतं. तलासरीच्या बाजारात करडं मिळालं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी वर उडवलं. ते खाली उतरलं आणि चालत चालत खिचडीच्या पातेल्याकडे गेलं. तिथंच मी शहाणी झाले असते तर!

मी माइकपुढे उभी राहिले आणि मानपत्र वाचलं. समोरून एकही टाळी पडली नाही. एवढं सुंदर वाक्य लोकांना कळलं नाही, याचं मला वाईट वाटलं. म्हणून मी कागद बाजूला धरला आणि सोप्या मराठीत समजावून सांगितलं: "म्हणजे खालच्या पाड्यानं वरच्या पाड्याची झाडं चोरली होती, त्यावरनं डोकं फुटलं होतं, ते भांडण साहेबांनी मिटवलं."

व्याही उठला. कपाळावरची खूण अजून ठळक दिसत होती. "चोर कोण, बाई?"

वरच्या पाड्यातून कुणीतरी म्हणालं, "आमी नाय बोललो. बाईच बोलल्या."

"मग डोकं कोणी फोडलं ते पण वाचा की!"

"दगड उगाच बसला का रं?"

साहेबांनी माइक ओढून घेतला आणि "शांतता, शांतता" असं म्हणाले. दोन पाड्यांच्या भांडणात त्यांनी केलेलं एवढंच काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेही चाललं नाही. खालचा पाडा उठून निघाला. लेक सगळ्यात शेवटी उठली, एकदा आईकडे बघितलं आणि सासूच्या मागे ओढ्याकडे चालू लागली. साहेब मानपत्राची फ्रेम काखेत मारून गाडीत बसले. मावशी पातेल्याशी उभी होती. तिनं मला एक शिवीही दिली नाही, आणि त्यावरून मला काय ते कळलं.

मी साहेबांना फोन केला. म्हटलं, एकदा येऊन दोन शब्द बोला, पोरीचे दिवस भरत आलेत.

"बाई, मी जरा दुसऱ्या एका सन्मानाच्या गडबडीत आहे. पण तुमचं मानपत्र फार आवडलं हो लोकांना! इंग्रजी करून पाठवलंय."

म्हणजे मी पेटवलेल्या भांडणाच्या जोरावर त्यांना शांततेचा आणखी एक पुरस्कार मिळणार होता. मिळालाही. लायक माणसाची व्याख्या मला त्या दिवशी समजली: ज्याच्याकडे कागद आहे आणि जो वेळेवर गाडीत बसतो.

पाऊस लागला, रोपं वर आली, आवणी सुरू झाली. आवणीला दोन्ही पाडे एकमेकांच्या शेतात हात देतात. एका घरानं चिखलात रोपं लावून होत नाहीत. त्या साली मावशीच्या शेतात पलीकडून कुणी आलं नाही. ती एकटीच वाकलेली असायची. शेवटी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, साहेबांना पुन्हा विचारून बघू का?

"साहेब कशाला? उघडलं कोणी?"

"मी."

"मग चला."

"कुठं?"

"व्याह्याच्या आवणीला. साडी खोचा."

ओढा पार करताना मी घसरले ती कमरेपर्यंत भिजले. व्याह्याच्या बांधावर त्याची सून, म्हणजे मावशीची लेक, पोटावर हात ठेवून बसली होती. व्याह्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. मावशी चिखलात उतरली आणि लावू लागली. मीही उतरले. मी लावलेली रोपं जरा वेळ उभी राहायची, मग एकेक करून पाण्यावर आडवी व्हायची. माझ्यामागून व्याहीण ती उचलून परत लावत येत होती.

"बाई, भात लावताय का पेरणी करताय?"

"खाली वाका, बाई! भाषण नाय हे!"

"त्यांना माइक द्या गं कोणी!"

बांधावरची लेक आधी हसली. मग व्याहीण हसली, मग सगळ्याच बाया. मावशी हसत नव्हती. ती लेकीकडे बघत होती. दुपार कलताना व्याह्यानं बसायला सांगितलं. ताडीचे दिवस सरले होते, म्हणून कोरा चहा झाला. मी चोर म्हटलं होतं, ते ना त्यानं काढलं ना मी. माफीचं एक बरं भाषण मी तयार करून नेलं होतं, ते गिळलं. पेला रिकामा केल्यावर तो सुनेला म्हणाला, "पाणी वाढायच्या आत जा आईसोबत." आणि ओढ्यात तिचा हात धरायला स्वतः उतरला.

ओढ्याचा काठ चढून आम्ही तिघींनी वरच्या पाड्याची वाट धरली. लेक पुढे, हळूहळू. माझी कंबर मोडली होती आणि डोकं नको तितकं हलकं झालं होतं. दगडही मावशीनंच मारला होता, हे मला आठवत होतं. पण फांद्याही तिनंच नेल्या होत्या, आणि आपलं काही तोडून दुसऱ्याच्या वाफ्यावर नेऊन टाकलेला माणूस मी तोवर कुठल्या व्यासपीठावर पाहिला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही. मी थांबले आणि अगदी मनापासून म्हटलं, "मावशी, खरं तर तो पुरस्कार तुम्हालाच मिळायला हवा होता."

मावशीनं पुढे चाललेल्या लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "नको हो बाई. मला दिला तर तुमी परत काहीतरी लिहाल, नि माझी पोरगी परत तिकडंच अडकेल."