चौथी जागा

चिऊचा श्वास माझ्या दंडावर लागतोय. उबदार, दुधाच्या वासाचा. तो जरा लांबला की मी डोळे उघडते, परत आला की मिटते. भर दुपार आहे. पडदे काढून खोक्यात भरलेत, त्यामुळे खोलीत उजेड फार झालाय आणि भिंती आपल्या वाटत नाहीत. कूलरची घरघर तेवढी नेहमीची.

आज रात्री निघायचंय, जळगावहून थेट कुडाळ. मंदारची बदली झाली, सामानाचा ट्रक काल गेला, राहिलेली खोकी घेऊन आम्ही तिघं गाडीने मागून. "रात्री ऊन नाही, ट्रॅफिक नाही, पोरगी झोपेल. सकाळी डोळे उघडले की कोकण," असं मंदारचं म्हणणं. पहाटेपासून तो खोकी बांधतोय, पाठ टेकलेली नाही. रात्रभर गाडी कशी चालवणार, विचारलं तर म्हणतो, "ऋजुता, तू ना काळजीचं दुकानच आहेस."

आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आक्षेप वेगळाच. तिघांनी लांबच्या वाटेला निघायचं नसतं. त्यांच्याकडे अशा वेळी अंगणातला एक खडा उचलतात, धुतात आणि गाडीत ठेवतात. तो चौथा.

"पण त्याला नाव नाही द्यायचं हं," जेवताना त्या म्हणाल्या. "सोबतीला कुणीतरी आहे, इतकंच मनात आणायचं. कोण, ते नाही."

"आणि आणलं तर?"

"मग तो खडा राहत नाही, बाई."

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. हसले आणि ताटं उचलली.

आता चिऊच्या श्वासामागे माझाही श्वास जड होत चाललाय, आणि मन आपलं नको तिथे हुंदडतंय. घ्यायचंच तर कोणाला घ्यावं? पपांना? ते पुढे बसून मंदारला गिअर कधी बदलायचा ते सांगतील. जिवंत होते तेव्हाच दोघांचं जमायचं नाही. रेखामावशीला गाडी लागायची, मेल्यावर सुधारली असेल कशावरून? मला जागी राहणारी बाई हवी. बडबडी. चालवणाऱ्याला डुलकी लागू न देणारी.

हेमांगी, असं माझ्या मनात येतं. नाव पुरतं उमटतं, शेवटच्या वेलांटीसकट.

"सरक," हेमांगी म्हणते.

ती पलंगाच्या कडेवर बसली आहे. हॉस्टेलमधली माझी रूममेट. अंगात तोच मोहरीच्या फुलांच्या रंगाचा कुर्ता, जो आम्ही दोघी आलटून पालटून घालायचो. माझ्या लग्नाआधीच ती गेली. नाशिकला एका लग्नाला गेली होती, रात्री परतताना ड्रायव्हरचा डोळा लागला.

"सरक ना गं. केवढी झालीयेस, अख्खा पलंग तुलाच लागतो."

"बाळंतपण झालंय माझं."

"दिसतंय. कुठेकुठे झालंय तेही दिसतंय."

मला हसू येतं. घाबरायला हवं हे कळतंय, पण हसूच येतं. "तू इथे कशी?"

"बोलावतेस काय नि विचारतेस काय! सरक."

मी सरकते. पाठीखालची गादी उभी होते, तिला गाडीच्या सीटचा वास येतो. मध्ये चिऊची बेबी सीट, चिऊ टक्क जागी. पुढे मंदार चालवतोय, मला त्याचा एक कान आणि मान दिसते. खिडकीबाहेर रस्ता नाही, आमच्या हॉस्टेलचा कॉरिडॉर पळतोय. ट्यूबलाइट येतात नि मागे जातात, बंद दारं, दारांबाहेर बादल्या, दोरीवर कुणाच्या ओढण्या. कॉरिडॉर संपत नाही.

"छान आहे गं," हेमांगी चिऊकडे बघत म्हणते. "नाक तुझं नाहीये, नशीब तिचं."

"हेमे, तू जागी राहशील ना? मंदार थकलाय. त्याच्याशी बोलत राहा."

"मी जागीच असते. त्या दिवशी तेवढी झोपले." ती खिडकीकडे बघते. "तोंड उघडं टाकून घोरत होते म्हणे. मला काही कळलंच नाही. लोक आईला म्हणाले, बरं झालं, कळलं नाही. कसलं डोंबलाचं बरं! जागी असते तर नुसतं 'अहो दादा' म्हटलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं."

मी तिचा हात धरायला जाते. हाताला सीटचं कापड लागतं.

"सरक अजून जरा," ती म्हणते.

मी सरकते. आता सरकायला जागा नाही, पलीकडे बेबी सीट, तिच्यापलीकडे दार, तरी मी सरकतच राहते.

गाडी थांबते. टोलच्या खोक्यात आमच्या हॉस्टेलच्या वॉर्डन काळसेबाई बसल्यात, अंगावर रात्रीची शाल. त्या टॉर्च आत मारतात. "कितीजण?"

"चौघं," मी सांगते.

टॉर्च मंदारच्या मानेवरून फिरतो, चिऊच्या पायांवरून, हेमांगीच्या कुर्त्यावरून. "तिघंच दिसताहेत मला," काळसेबाई म्हणतात. "नीट सांगा. तुमच्यापैकी एक जण नेहमी खोटं बोलते."

दांडा वर जातो. मी पुढच्या आरशात बघते. मंदारचे डोळे दिसतात, अर्धे. चिऊ दिसते. हेमांगी दिसते, केस मागे सारत असलेली. माझ्या जागी सीटची पाठ आहे, आणि कुणीच न लावलेला पट्टा.

"हेमे, मी दिसत नाहीये."

"कशी दिसशील? ही जागा माझी आहे." ती हे इतकं साधं बोलते, जसं पूर्वी खिडकीजवळची खाट माझी म्हणायची. "ड्रायव्हरच्या मागे, खिडकीशी. मी तिथंच बसले होते तेव्हा. आम्हाला दुसरीकडे बसता नाही येत. मला घेतलंस, तर तू कुठे बसणार होतीस?"

"मी चिऊजवळ."

"तिथे तर मी आहे."

कॉरिडॉरमधले दिवे संपतात. बाहेर नुसता काळोख, आणि गाडीच्या पुढे पांढऱ्या पट्ट्या. मंदारची मान हलकेच पुढे जाते. परत मागे येते.

"बोल ना त्याच्याशी!" मी म्हणते.

हेमांगी पुढे वाकते, अगदी त्याच्या कानाशी. "अहो दादा." मंदार हलत नाही. "अहो दादा!" ती ओरडते, गळ्याच्या शिरा ताणून ओरडते, आणि मला समजतं की हे ती आत्ता पहिल्यांदा करत नाहीये. ती हे कधीपासून करतेय. मंदारची मान खाली खाली चालली आहे. मी त्याला हाक मारते, तोंड उघडतं, जीभ हलते, आवाज येत नाही. कसा येईल? मी या गाडीत कुठे आहे?

"त्याला माझं ऐकू जात नाही," हेमांगी मागे टेकत म्हणते. तिला धाप लागली आहे. "कुणालाच जात नाही. तुझं जाईल, तू बसलेली असलीस तर."

"मग तू उतर."

ती माझ्याकडे बघते.

"हेमे, उतर."

"इथे? एवढ्या अंधारात?"

"उतर." माझं मलाच ऐकवत नाही. हिच्यासाठी मी मेसमधली पोळी लपवून ठेवायची. हिच्या आईला फोन करून रडायची. "माझी जागा मला दे. मला तुझ्यासारखं झोपायचं नाही."

"बोललीस," ती म्हणते. "बरं झालं बोललीस. मला वाटलं होतं भिडेपोटी घेऊन जाशील." तिचे डोळे चिऊवर आहेत. "एकदा देशील?"

चिऊला मी कुणाकडे देत नाही. आईंनासुद्धा हात धुतल्याशिवाय नाही. मी मान हलवते, नाही. पण चिऊ, जी अनोळखी चेहरा दिसला की भोकाड पसरते, ती दोन्ही हात वर करते आणि हेमांगीकडे झेपावते. पट्टा तिला धरून ठेवतो. हेमांगी खाली वाकते, तिचे केस पुढे पडतात. केसांत बारीक काहीतरी चमकतंय, सगळीकडे, दहिवर पडल्यासारखं. चिऊ ते गच्च मुठीत पकडते.

"सोड गं सोने, सोड," हेमांगी हसते. हसता हसता तिचा आवाज फाटतो. "आईवर गेलीयेस. धरलं की सोडायचं नाही."

केस मुठीतून निसटतात. दार उघडतं, थंड वारा आत येतो, ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा. दार लागल्याचा आवाज मी ऐकत राहते. तो येतच नाही.

"मंदार!"

माझ्या हाकेनं मीच उठून बसते.

उजेड. खोकी. कूलर घरघरतोय. चिऊ जागी आहे, रडत नाहीये. ती माझ्या पलीकडे, पलंगाच्या कडेकडे बघतेय आणि पाय हलवतेय. डावी मूठ घट्ट मिटलेली, आणि ती मूठ हळूहळू तोंडाकडे चालली आहे.

मी तिचं मनगट धरते. एकेक बोट सोडवते, ती चिडते, पुन्हा मिटते, मी पुन्हा सोडवते. तळव्यावर काचेचा एक तुकडा आहे. चण्याएवढा, बोथट कोपऱ्यांचा, किंचित हिरवा. घरातल्या ग्लासची काच अशी फुटत नाही. कुणाला कापू नये म्हणून गाड्यांची काच अशी दाणेदार फुटते.

चिऊचा तळवा मी उजेडात धरून तपासते. ओरखडासुद्धा नाही.

तिला कडेवर घेऊन मी तशीच अंगणात जाते. मंदार डिकीत खोकं बसवतोय. मी गाडीभोवती फिरते. पुढची काच, मागची, चारही खिडक्या, प्रत्येकीवरून हात फिरवून बघते. सगळ्या धड आहेत. उन्हानं भाजताहेत.

"काय शोधतेयस?" मंदार विचारतो. त्याचे डोळे लाल आहेत.

"आज निघायचं नाही. तू आत्ता जाऊन झोप. उद्या उजाडल्यावर निघू, वाटेत साताऱ्याला मुक्काम करू."

"अगं, पण परवा मला हजर..."

"मुक्काम करू, मंदार. मी जागी बसणार तुझ्या शेजारी, पुढे. बोलत राहणार. तुला माझं ऐकू जातंय ना आत्ता?"

तो थट्टा करायला तोंड उघडतो, मग माझ्याकडे नीट बघतो. डिकीचं झाकण खाली ओढतो आणि घरात जातो. थोड्या वेळानं त्याचं घोरणं कूलरच्या आवाजात मिसळतं.

मी पायरीवर बसले आहे, मांडीत चिऊ. काच माझ्या मुठीत आहे. अंगण तापलंय, पायरी तापलीय, माझा तळहात घामेजलाय. काच मात्र गारच आहे, कितीही वेळ धरली तरी.