हातमाग छाप

काडी आणि काडेपेटी यांचा एकमेकींशी काही संबंध असतो, ही गोष्ट आमच्या घरमालकांखेरीज साऱ्या नागपूरला ठाऊक होती. त्यांच्या लेखी काड्या म्हणजे पेटीतला कचरा. पेटी घरात आली की काड्या पत्र्याच्या डब्यात रित्या व्हायच्या, पेटी कोमट पाण्यात पडायची, वरचा छाप अलगद सुटायचा, वर्तमानपत्राच्या घडीत वाळायचा आणि यथावकाश वहीत चिकटायचा. त्यामुळे त्या घरात गावजेवण उरकेल एवढ्या काड्या होत्या, पण त्या ओढायला काही नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत नोकरी लागून मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आलो. पहिल्याच सकाळी स्टोव्हसाठी माचिस मागितली, तर काकूंनी माझ्या ओंजळीत मूठभर काड्या ठेवल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "पेटी तुमची तुमी पहा, मास्तर. अन् आणली तं यायले दाखवू नका."

मी काही तेवढा सावध नव्हतो. त्याच संध्याकाळी माझी पेटी त्यांच्या नजरेला पडली. "मास्तर, एक डाव पाहू का?" म्हणून त्यांनी ती हातात घेतली ती घेतलीच. काड्या मात्र इमानदारीनं परत केल्या, कागदाच्या पुडीत बांधून.

घराणं विणकरांचं, पण हे स्वतः एका छापखान्यात खिळे जुळवत. अक्षर असं की शाळेच्या फळ्यावर लिहायची मला लाज वाटायला लागली. त्या अक्षराचा सारा उपयोग एकाच कामासाठी व्हायचा. रस्त्याकडच्या भिंतीचा एक मोठा चौकोन त्यांनी गुळगुळीत लिंपून काळा रंगवला होता आणि त्यावर ते रोज सकाळी त्यांच्या माचिस मंडळाच्या बातम्या लिहीत. आंघोळ झाली की आधी फळा पुसायचा, मग देव. देशात काय चाललं आहे याला तिथं जागा नसे. कोणाला कुठला छाप मिळाला, कोणाच्या वहीला कसर लागली, कोण सभासद तापानं पडून आहे आणि त्याच्याकडचे जास्तीचे दुबार छाप मागून त्याला त्रास देऊ नये, असा सगळा मजकूर. सभासद सायकलवरून कामाला जाताना एक पाय टेकून तो वाचायचे आणि पुढं जायचे. एकदा निवडणुकीत कोणा पक्षाच्या पोरांनी बरोब्बर त्या चौकोनात आपलं चिन्ह रंगवून ठेवलं. गल्ली जमली, आता रणकंदन होणार म्हणून. घरमालकांनी चिन्ह बारकाईनं पाहिलं आणि त्याच्याकडे एक बाण काढून लिहिलं, ‘हा छाप मंडळाकडे आहे. पुन्हा आणू नये.’

रविवारी ते पिशवीत कोऱ्या पेट्या भरून सायकलनं शहराबाहेर वाडीला जात. तिथल्या गोदामांपुढं साऱ्या मुलखातले ट्रक लागलेले असत. हे प्रत्येक ड्रायव्हरपुढं उभे राहत आणि त्याच्या अर्ध्या, मळलेल्या पेटीच्या बदल्यात भरलेली कोरी पेटी देऊ करत. काहीही न लपवता केलेला एवढा तोट्याचा व्यवहार पाहून ड्रायव्हर लोकांना संशय यायचा. एकानं त्यांना खुफिया पोलीस समजून गाडीचे सगळे कागद काढून दाखवले. यांनी ते बाजूला सारले आणि विचारलं, "कागद रहने दो. माचिस कहाँ की है?"

पण मंडळाचा खरा जीव लिलावात. भिंतीतच काचेचं दार लावलेला एक कोनाडा होता. लिलावाचा छाप सोमवारी त्यात लागायचा आणि बोली ज्यानं त्यानं फळ्यावर खडूनं लिहायची, नावानिशी. पैसा चालत नसे. "पैसा आला का दुकान झालं गा," असं घरमालक म्हणत. छापाला छाप द्यायचा, आणि छापाच्या धन्याला आवडेल ती बोली पक्की. मुदत शनिवारी संध्याकाळी गिरणीचा भोंगा होईपर्यंत. तोवर एकही बोली आली नाही तर धन्यानं छाप घरी न्यायचा, तो पुन्हा फळ्यावर यायचा नाही. मंडळात शिरायलाही एकच अट होती, कोणाकडेच नाही असा एक छाप घेऊन या आणि त्या क्षणापासून सभासद व्हा. आणि रोजचा फळा जो लिहील त्यानं बोली लावायची नाही, हा शेवटचा नियम त्यांनी स्वतःच घातला होता. लिहिणाऱ्याच्या हातात खडू आणि फडकं दोन्ही असतं, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांचं म्हणणं.

अशात खाप्याहून एक नवा सभासद आला. साधा, बोलायला लाजणारा माणूस. त्यानं लिलावाला दिलेला छाप पाहून घरमालकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. छापावर हातमागाशी बसलेला एक उघडाबंब विणकर होता, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. घरमालकांच्या वडिलांचा एकही फोटो नव्हता. आयुष्यभर मागावर बसलेला तो माणूस बिडी पेटवताना पोराला हीच पेटी दाखवायचा आणि सांगायचा, "पाह्य, हा मीच होय." पुढं माग विकला गेला, वडील गेले आणि ती माचिसही बाजारातून गेली. या एका छापाला शोधता शोधताच यांना हा नाद लागला होता. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त खाप्याच्या माणसाला नव्हतं. त्याला सांगितलं असतं तर त्यानं छाप तसाच हातावर ठेवला असता, म्हणून घरमालकांनी आम्हाला शपथा घातल्या. फळ्यावर आलेली वस्तू फळ्यावरूनच जाईल, म्हणाले.

झालं काय, की मानापोटी कोणी बोलीच लावेना. काकाजींच्या, म्हणजे घरमालकांच्या, बापाचा छाप आपल्या वहीत कसा न्यायचा, असं प्रत्येकाला वाटे. मंगळवार गेला, बुधवार गेला, फळ्यावर छापाच्या नावाखाली काळीभोर मोकळी जागा. शेवटी घरमालक सायकल काढून सभासदांच्या घरोघर फिरले. ज्या वस्तूसाठी जीव तळमळत होता ती दुसऱ्यानं न्यावी म्हणून भांडत होते. "काहून बोली नाही लावून राहिले तुमी? खाप्याचा माणूस रिकाम्या हातानं वापस जाईन न!" एव्हाना मीही सभासद झालो होतो. मी म्हटलं, मी घेतो आणि नंतर तुम्हाला देतो. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोनाडा फोडायला निघालो होतो. "तुमी शिकवता पोरायले, मास्तर," एवढंच बोलले. मला त्यांचा राग आला. एवढा ताठपणा कशासाठी, तोही माचिसच्या कागदापायी! रात्री त्यांनी जेवायचं ताट परत पाठवलं, असं काकू मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी सगळं मंडळ भिंतीपुढं उभं होतं. खाप्याचा माणूस शेवटची बस चुकेल म्हणून चुळबुळत होता. त्याचा छाप कोणालाच नको, असं वाटून त्याचा चेहरा उतरला होता. घरमालक खडू हातात धरून गिरणीच्या दिशेला कान लावून उभे. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी कोनाड्यापुढं एक माचिस ठेवली. छत्रीखाली उभा मोर. बाजूचा मसाला घासून पांढरा पडलेला, पण वरचा छाप नव्या नवरीसारखा. सगळे वाकले. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं हलवली. हा छाप कोणाकडेच नव्हता.

"हा... हा कुठं होता वं?" घरमालकांनी विचारलं.

"तुरीच्या डाळीत. उमरेडहून, माहेरून आणला होता. लपवला नसता तं इतके वर्ष चूल कायनं पेटवली असती?" मग त्यांनी विचारलं, "झाली न मी सभासद?"

नाही म्हणायची सोय नव्हती, नियम यांचेच. काकूंनी त्यांच्या हातातला खडू घेतला आणि मोकळ्या जागेत, लिहायची सवय नसल्यानं जरा तिरकं, ‘मोर’ असं लिहिलं. आता घरमालक भानावर आले. "हे नाही चालणार. तू माह्यासाठी घेऊन राहिली."

"तुमच्यासाठी कायले? म्या माह्या सासऱ्याले पाह्यलं नाही. त्यायचा फोटो घेऊन राहिली. तुमच्या वहीत नाही देणार, आधीच सांगतो."

खाप्याच्या माणसानं मोर उचलून छातीशी धरला आणि जोरजोरानं मान डोलावली. त्याच्या मागोमाग भोंगा झाला. घरमालकांनी मोर एकदा हातात मागितला. उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. ज्या छापासाठी वाडीच्या सगळ्या ट्रकवाल्यांचे पाय धरले असते, तो त्यांच्याच डाळीच्या डब्यात नांदत होता आणि आता खाप्याला निघाला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी परत दिला. "सांभाळून न्या गा," म्हणाले आणि फळ्याकडे तोंड करून त्याचा कोरा कोपरा उगाच पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

पुढं मी ती खोली सोडली, हुडकेश्वरकडे घर बांधलं. अधूनमधून गेलो की भिंतीवरचा फळा भरलेला दिसायचा. नजर कमी झाली तेव्हापासून ते मजकूर सांगायचे आणि काकू लिहायच्या, तिरकं तिरकं. नवे सभासदही होते, एकाला तर मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं.

आत, देवांच्या शेजारी, फोटोच्या चौकटीत तो छाप लावलेला आहे. एवढ्याशा कागदाभोवती एवढी मोठी चौकट पाहून नवखा माणूस हसतो. मीही पहिल्यांदा हसलो होतो. मग काकू दिवा लावायला आल्या, चौकटीखालच्या फळीवरची माचिस त्यांनी उचलली, काडी ओढली आणि माचिस परत जागेवर ठेवली. कोरी पेटी, काड्यांनी भरलेली, वर छाप जसाच्या तसा. "हेच आणून ठेवतात," त्या घरमालकांकडे खूण करून हळूच म्हणाल्या. "संपली का दुसरी." घरमालक खुर्चीत बसून दिव्याकडे पाहत होते. पेटीकडे त्यांनी मान वळवली नाही.