मासिनाचं चौथं गाणं

लाफाएले माउंट ड्रुइट या उपनगरात कचऱ्याचा ट्रक चालवतो, आणि तिथली पोरं गॅरेजमध्ये बसून जे रॅप रेकॉर्ड करतात, त्याबद्दल त्याचं मत शेवटचं मानलं जातं. त्याचं माप एकच. अल्बम चांगला असला की तो ऐकण्याच्या नादात एखाद्या घराचा कचरा उचलायचा राहून जातो. गेल्या वर्षी सगळ्या अल्बमांचे मिळून चार डबे राहिले. आणि मग एका गुरुवारी सकाळी एकदम अकरा!

अकराही डबे त्याच्या थोरल्या बहिणीच्या खात्यात. मासिना इस्पितळात चादरी धुते. तिने गुपचूप नऊ गाणी केली होती. "लाफा हो म्हणाला तर उद्या बाहेर काढते, नाहीतर पुसून टाकते," असं तिने आईला बजावलं होतं.

आता हे कुटुंब मूळचं सामोआ बेटांवरचं, आणि सामोअन घरात भाऊ-बहिणीच्या मध्ये वावगा शब्द चालत नाही. टीव्हीवर कुणी शिवी हासडली तरी दोघांतलं एक जण उठून बाहेर जातं. आणि या अल्बममध्ये शिव्या त्रेसष्ट! म्हणून संध्याकाळी भाऊ स्वयंपाकघरात, बहीण व्हरांड्यात, आणि निरोप पोचवायला आई.

"आई, सांग तिला, तिसऱ्या गाण्याला माझा ट्रक नाचला गं! फक्त ते चौथं काढून टाक म्हणावं. रडकं आहे. सात मिनिटं!"

आई डुलत व्हरांड्यात गेली. "तो म्हणतो, शिव्या काढ."

"सगळ्या?" मासिना किंचाळली. "मग उरेल काय? 'आणि', 'पण'? पुसूनच टाकते सगळं!"

भिंतीपलीकडे लाफाएलेच्या हातातला टॅरोचा उकडलेला कंद ताटात पडला. तो दारापर्यंत धावला, बहिणीकडे पाठ करून उभा राहिला आणि छताकडे तोंड करून ओरडला, "ताई, बोट लावू नकोस! मी शिव्यांचं नाही, चौथ्याचं बोललो!"

"चौथ्यात तर एकही शिवी नाही!"

"तीच तर तक्रार आहे!"

मासिना फिस्सकन हसली आणि खुर्चीसकट मागे कलंडली. मग दोघांनीही आईकडे पाहिलं.

"माझ्यावर आहे ते गाणं," आई म्हणाली. "नऊ गाण्यांत तेवढंच देवासमोर वाजवण्यासारखं. आणि तुला रडकं वाटतं होय रे, दगडा?"

शुक्रवारी आठ गाणी बाहेर पडली. पोरं खुळावली. चौथं आईला मिळालं. दर रविवारी चर्चनंतरच्या जेवणात ती ते सगळ्यांना ऐकवते, आणि लाफाएले समोरच्या भाजलेल्या डुकरावर नजर रोखून, हात जोडून सात मिनिटं गप्प बसतो. पाहुण्यांना वाटतं, प्रार्थना चाललीय.