मी पंख मागितला

एका प्रामाणिक बाईला मी चोर ठरवलं. चोर हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता आणि त्या एका गोष्टीच्या आडून मी पुढची दोन वर्षं स्वतःला वाचवत राहिलो. पण शब्द न काढताही माणसाला चोर ठरवता येतं. मी ते चार माणसांसमोर, हातात चहाचा कप धरून, अगदी शांत आवाजात केलं.

करमाडच्या अलीकडे, जालना रस्त्यापासून आत आमची थोडी शेती आहे. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला आणि राहायला शहरात, सिडकोत. शेतात आखाडा आहे, म्हणजे दोन खोल्या, पुढं ओसरी, गोठा आणि दारात एक लिंब. तिथं आमचे सालगडी आणि त्यांची बायको राहायचे. दोघंही माझ्याहून वयानं मोठे. मी त्यांना काका आणि मावशी म्हणायचो, ते मला दादा म्हणायचे.

माझ्या आईनं मावशींना दोन कोंबड्या वाट्यानं दिल्या होत्या. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. शेळी असो की कोंबडी, जनावर मालकाचं, सांभाळणाऱ्यानं सांभाळायचं आणि होतील ती पिलं निम्मी निम्मी. लिहून कुणी काही ठेवत नाही. नियम एकच. पिलू गेलं तर सांभाळणाऱ्यानं काहीतरी आणून दाखवायचं. करडू मेलं तर कान, कोंबडीचं पिलू गेलं तर पंख, पाय, निदान चिमूटभर पिसं. मावशी ते पळसाच्या पानात गुंडाळून आणायच्या. आई पुडी उघडायचीसुद्धा नाही. "टाक तिकडं उकिरड्यावर, मी काय करू बघून?" म्हणायची. तेव्हा मला वाटायचं, आई भोळी आहे.

मावशींची पिलं फारशी जायचीच नाहीत. अंगणाच्या एका कडेला तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, मोठी गंज होती, तिला टेकून बोरीच्या काट्यांचा ढीग. दिसायला ते सगळं ओंगळ होतं. पण पिलांचं खरं घर तेच होतं. पहिले पंधरा दिवस पिलं डालग्याखाली, बांबूच्या टोपलीखाली, असायची, नंतर मोकळी. मावशी आत भाकरी थापत असल्या तरी कान बाहेर असायचा. कोंबडी तुटक तुटक कटकटायला लागली तर त्या म्हणायच्या, "भुईवरचं हाय, मुंगूस नायतर मांजर," आणि काठी घेऊन बाहेर यायच्या. कोंबड्यानं एकच लांब, बारीक आवाज काढला तर "आभाळातलं हाय" म्हणून पिठाच्या हातांनीच धावायच्या. तोवर पिलं तुराट्यांत शिरून गप झालेली असायची. मला ते दोन आवाज सारखेच वाटायचे.

काका चिडवायचे, "आमच्या हिला कोंबडीची बोली कळती. माझी तेवढी कळत नाय."

"तुमची बोली कळायला अवघड कुठं हाय?" मावशी म्हणायच्या. "भाकर आन चहा, दोनच शब्द."

आई गेली आणि शेताचं बघणं माझ्याकडं आलं. मी दर रविवारी जाऊ लागलो. आजूबाजूच्या जमिनींत तोवर फार्महाऊस उभी राहिली होती, शहरातली माणसं हुरडा खायला येत होती. कारखान्यातले माझे सहकारी विचारायचे, तुमचं तर घरचं शेत, आम्हाला कधी नेता? मला आखाड्याची लाज वाटायची. दिवाळीनंतर मी जेसीबी बोलावला. तुराट्यांची गंज, बोरीचे काटे, कडेची घाणेरीची झुडपं, सगळं उचलून नाल्यात टाकलं. अंगण सपाट केलं आणि तिथं हिरवळ लावली.

जेसीबी आला त्या दिवशी मावशी म्हणाल्या होत्या, "दादा, तेवढ्या तुराट्या ऱ्हाऊ द्या. पिलांना आडोसा हाय."

मी म्हणालो, "मावशी, कोंबड्यांसाठी काय उकिरडा ठेवायचा का दारात?"

तेव्हा एक कोंबडी रवणीवर, म्हणजे अंड्यांवर, बसलेली होती. आठवड्याभरात तिनं अकरा पिलं काढली.

पिलं मोकळी सोडल्यावरच्या पहिल्या रविवारी मी सहज विचारलं तर नऊ होती. पुढच्या रविवारी सहा. मी म्हणालो, "मावशी, पिसं वगैरे काही?" त्या म्हणाल्या, "शिकरा नेतोय, दादा. त्याचं काय मागं ऱ्हातंय?" शिकरा म्हणजे घारच असं मी धरलं, आम्ही लहानपणापासून घारच पाहिलेली. घार वर घिरट्या घालते, दिसते, आरडाओरडा केला की फिरते. रविवारी मी दिवसभर तिथं असायचो आणि मला आभाळात काही दिसायचं नाही. मांजर नेतं तर पिसं पडतात, मुंगूस खातं तर रक्त सांडतं. काहीच मागं न ठेवता पिलू जातंच कसं, असं माझ्या नोकरीतल्या डोक्याला वाटलं. कारखान्यात माल कमी भरला की आम्ही आधी माणसाकडं बघतो.

त्यात शेजारच्या शेतमालकानं बांधावर गाठून सांगितलं, "तुमच्या बाईला सोमवारी करमाडच्या बाजारात बघितलं. डोक्यावर डालगं व्हतं."

"डालग्यात काय होतं?"

"ते मी कशाला बघू? पण डालग्यात काय, वांगी नेत्यात व्हय कुणी?"

पुढच्या रविवारी हुरडा होता. माझे तीन सहकारी आले होते, शेजाऱ्यालाही बोलावलं होतं. हिरवळीवर सतरंजी टाकलेली. मावशी चहा घेऊन आल्या. चारच पिलं फिरत होती. सहकाऱ्यांपैकी एकानं विचारलं, एवढ्या मोठ्या कोंबडीला चारच पिलं? त्यावर मी मावशींकडं बघून म्हणालो, "अकरा होती. मावशी, बाकीच्यांचा पंख दाखवा की एखादा. का करमाडच्या बाजारातच राहिले सगळे?"

शेजारी हसला. मावशींनी ट्रे खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं. काका हुरडा भाजत होते, त्यांनी मान वर केली नाही. मावशी आत निघून गेल्या आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, पकडली गेली म्हणून गप्प आहे.

दुसऱ्या रविवारी मी गेलो तर ओसरीवर डालगं ठेवलेलं होतं. आत दोन्ही कोंबड्या, चार पिलं आणि आधीच्या खेपेची मावशींच्या वाट्याची दोन मोठी तलंगं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या.

"ही तलंगं तुमची आहेत, मावशी."

"माझं यातलं काय नाय," त्या म्हणाल्या आणि विहिरीकडं गेल्या.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. ठाऊक नव्हती म्हणजे मी विचारली नव्हती. त्याच आठवड्यात शेजाऱ्यानं मावशींकडं वाट्यानं असलेल्या आपल्या दोन शेळ्या सोडून नेल्या होत्या. वाट्याचं काम सगळं नावावर चालतं. ज्या बाईनं मालकाची पिलं विकली, तिच्याकडं शेळी कोण बांधणार? मावशींकडं स्वतःचं म्हणावं असं ते नाव तेवढंच होतं.

कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या. मी चार दिवसांची रजा काढून आखाड्यावर राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी ओसरीवर बसलो होतो. पिलं समोर, दहा पावलांवर. कोंबड्यानं तो लांब, बारीक आवाज काढला. मी सवयीनं वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. आणि लिंबाच्या आतून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, राखाडी असं काहीतरी सरळ अंगणातून गेलं. पारव्याएवढा पक्षी. पंखांचा आवाज नाही, काही नाही. पिलं पळाली, पण शिरायला जागाच नव्हती. ती माझ्या हिरवळीवर जागच्या जागी चपटी झाली. मी उठून उभा राहीपर्यंत चारांची तीन झाली होती.

मी त्या जागी जाऊन बसलो. गवत बोटांनी बाजूला करून शोधलं. पीस नव्हतं, रक्ताचा ठिपका नव्हता. बराच वेळ मी शोधत होतो. कदाचित मला अजूनही काहीतरी सापडायला हवं होतं, म्हणजे मावशींनाही सापडायला हवं होतं असं म्हणता आलं असतं.

त्या वेळी मावशी विहिरीवर धुणं धूत होत्या. आखाड्यापासून विहीर पन्नास पावलं. मी गेलो नाही. माझी पहिली चूक अडाणीपणाची होती, तिला एखादा माणूस माफ करील. ही दुसरी मात्र मी सगळं कळल्यावर केली.

गेलो नाही, पण दुपारी नाल्यातून तुराट्या ओढून आणल्या आणि अंगणाच्या कडेला रचू लागलो. मावशी धुणं घेऊन परतत होत्या. त्या थांबल्या. मी काय करतोय आणि का करतोय, ते त्यांना एका नजरेत कळलं असणार.

"वरून दाट करा," त्या म्हणाल्या. "खालून मोकळं ठेवा. पिलाला शिरता आलं पायजे, मांजराला नाय. भवती बोरीचे काटे लावा."

"बरं," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. त्या अजून क्षणभर उभ्या होत्या. मग ओले कपडे वाळत घालायला गेल्या. सांगितलं तसं मी केलं, लिंबाच्या खालच्या फांद्या छाटल्या, हिरवळीवर जुनी मासेमारीची जाळी बांधली. ती तीनही पिलं जगली. सांगताना मला याचा आनंद होत नाही.

गुढीपाडव्याला सालगड्याचं साल संपतं. काका आले, म्हणाले, "आमी निघतो, दादा. बजाजनगरला वॉचमनचं काम मिळतंय." मी थांबा म्हणालो, मालक म्हणतो तसं. का जाताय, असं मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दोन पाडवे गेले. त्या काळात मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. मी थट्टेत बोललो होतो. त्यांनी कोंबड्या आपणहून परत केल्या. त्यांना शहरात बरं काम मिळालं असेल. यातलं काही खोटं नव्हतं, म्हणूनच त्याचा उपयोग होत होता. मग एका सोमवारी करमाडला बाजाराच्या दिवशी हॉटेलात चहा घेताना शेजारी सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "तुमची ती कोंबडीचोर कुठं असती आता?" चारजण हसले. एकानं विचारलं, कोण? दुसऱ्यानं मावशींचं नाव सांगितलं. मी न उच्चारलेला शब्द माझ्याशिवायच दोन वर्षं गावात राहत होता. मी चहा टाकून उठलो. तिथंही काही बोललो नाही.

त्या रविवारी पत्ता विचारत विचारत बजाजनगरला गेलो. एका इमारतीच्या तळाशी, जिन्याखाली एक खोली. मावशी कामगारांच्या मेससाठी पोळ्या लाटत होत्या. दारातच काका भेटले.

"शिकऱ्याला बी सापडला नसता आमचा पत्ता," ते म्हणाले. "तुमाला कसा सापडला?"

मी आत जाऊन खाली बसलो. शिकरा डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. तेव्हाच पाहिल्याचं, तुम्ही विहिरीवर होता तेव्हाच, हेही सांगितलं. मावशींचं लाटणं थांबलं नाही. काका म्हणाले, "त्या सोमवारी बाजारात ही बुरुडाकडं गेली व्हती. डालगं फाटलं व्हतं. आडोसा गेला, आता पिलांना जास्त येळ डालग्याखालीच ठेवते म्हणाली. रिकामं डालगं व्हतं डोक्यावर."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं व्हतं का?" मावशी पहिल्यांदाच बोलल्या. "तुमी पंख मागितला."

मी हात जोडले. माझं चुकलं म्हणालो. मावशींनी पोळी तव्यावर टाकली.

"माझ्यापुढं कशाला बोलता, दादा? मला ठावंच व्हतं मी चोरली नाय म्हणून. ज्यांना ठावं नाय त्यांना सांगा."

"सांगतो. उद्या बाजार आहे."

"मी बी येते," त्या म्हणाल्या. "ऐकायचंय मला."

सोमवारी त्या एसटीनं आल्या, काकांना घेऊन. करमाडच्या त्याच हॉटेलात शेजारी नेहमीच्या बाकावर होता, त्याच्याबरोबर तीन-चार ओळखीची माणसं. मावशींना बघून तो सरकून बसला. कुणीतरी मला चहा सांगितला, मी नको म्हणालो. मावशी दारापाशी उभ्या राहिल्या, पदर डोक्यावरून घेऊन. काका त्यांच्यामागं. मी शेजाऱ्याकडं बघत उभ्यानंच बोललो, आणि जे बोललो ते असं:

"हुरड्याच्या दिवशी मी मावशींना तुमच्यादेखत बोललो होतो. ते खोटं होतं. पिलं शिकऱ्यानं नेली. आडोसा मी काढला होता, त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. त्यांनी एकही पिलू विकलं नाही. हे मला पाडव्याच्या आधीच कळलं होतं आणि मी गप्प राहिलो. शेळ्या सुटल्या त्या माझ्यामुळं, गाव सुटलं ते माझ्यामुळं. मावशी, मी चुकलो. मला माफ करा."