भावाच्या बाजूने

दुबईच्या कौटुंबिक न्यायालयात दाव्यापूर्वी एक टप्पा असतो. समुपदेशक अधिकारी आईवडिलांना समोरासमोर बसवून मुलांच्या खर्चाविषयी समझोता घडवतात. तो झाल्यास सह्या होतात आणि त्याला निकालाचे बळ येते. न झाल्यास प्रकरण न्यायाधीशांपुढे जाते. इथेच दुबईत शिक्षिका असल्याने हे सारे मी आधी वाचून गेले होते. गेले होते ती मात्र धाकट्या भावाची बाजू मांडायला.

भाऊ वर्षभर दुबई मरीनाच्या महागड्या वस्तीत मित्राकडे राहत होता. नोकरी गेली, असे त्याने आम्हांला सांगितले होते. भावजय मुलीला घेऊन करामा या साध्या वस्तीतल्या एका खोलीत राहत होती. फी थकल्यामुळे शाळेने पुतणीला पुढच्या वर्गात घेण्यास नकार दिला होता आणि तिला गावी पाठवण्याचे घाटत होते. नोकरी लागेपर्यंत भावाला मुदत मिळावी, एवढेच माझे म्हणणे होते.

अधिकारी बाई अरब होत्या. हिंदी मात्र सफाईदार. “मॅडम, आप किसकी तरफ से?”

“भाई की.”

त्यांनी संगणकाचा पडदा भाऊ, भावजय आणि मी, आम्हां तिघांकडे वळवला. न्यायालयाच्या विचारणेवर सरकारी रोजगार खात्याचे उत्तर आले होते. भाऊ नव्या कंपनीत नोकरीला होता. पगार दरमहा जमा होत होता, तोही पूर्वीपेक्षा अधिक.

मला आकडे दिसत होते, अर्थ लागत नव्हता. वर्गातला खोटेपणा मी चेहऱ्यावरून ओळखते, असा माझा समज होता. आणि याच माणसाला मी दर आठवड्याला डबा पोचवत होते!

“म्हणजे ताई,” भावजय म्हणाली, “तुमचे डबे ऑफिसात जात होते तर.”

भाऊ माझ्याकडे वळला. “ताई, तू तरी समजून घे. कळलं असतं तर हिनं सगळाच पगार मागितला असता.”

“इसको नहीं, बेटी को देना है, हबीबी,” बाई म्हणाल्या. “यल्ला, चलिए मॅडम, आपको क्या कहना था?”

“मुदत नको,” मी म्हणाले. “फी आजच भरली जावी.”

भावाने माझ्याकडे न पाहता सही केली. फी थेट शाळेत जमा होणार होती.

बाहेर भावजयीने हात पुढे केला. “आजचा डबा आणलाय ना? द्या इकडे. पोरगी घरी वाट बघतेय.”

मी तो दिला.