पारकातला चर

ईट गावाच्या शिवारात माझ्या सासरच्या बंगल्यापुढं मोठं मोकळं रान आहे. गावात त्याला 'पारक' म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी हैदराबादेत एका इंग्रज साहेबाच्या बंगल्याभोवतीचं पार्क पाहिलं आणि तसंच आपल्या दारापुढं पाहिजे असा हट्ट धरला, एवढी गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. साहेबाच्या मुलखातली झाडं इथं जगणार नव्हती, म्हणून त्यांनी चिंच, लिंब आणि वड लावले. पण आमराईसारखे ओळीत नाही. इथं एक घोळका, तिथं एखादंच झाड, मधे भरपूर गवत, जणू सगळं आपोआप उगवलं. व्हरांड्यात बसलं की नजर न अडखळता बालाघाटच्या डोंगरापर्यंत जाते.

यातलं काहीच आपोआप झालेलं नाही, हे मला लग्न होऊन आले तेव्हाच कळलं होतं. पुण्यात मी भूदृश्यरचना शिकले. जमिनीला आकार कसा देतात, तो कुणी आणि कशासाठी दिला, हे ओळखायचं शिक्षण. सासरी त्याचा अर्थ 'सून बागकाम शिकलीय' असा निघाला आणि शेजारपाजारचे लोक मला गुलाबावरच्या किडीचं औषध विचारत राहिले.

मग धाकट्या दिरांनी पारकात लग्नाचं लॉन काढायचं ठरवलं. हल्ली आमच्याकडं मंगल कार्यालयापेक्षा लॉनला गर्दी. दाराशी इतिहासाचा फलक हवा म्हणून सासऱ्यांनी मला बोलावलं. त्यांना मी मामा म्हणते.

"तू त्यातलीच हायस. चार ओळी लिही," ते म्हणाले. "पण वजनदार पाहिजेत."

मी कामाला लागले. सकाळी ऊन तिरपं असताना रानातून हिंडायचं, चढउतार बघायचे. हिरवळ संपते तिथं कंबरभर खोल चर होता. बंगल्याच्या बाजूनं उभी दगडी भिंत, पलीकडून हळूहळू उतरता मातीचा काठ. दीर त्याला भुयार म्हणायचे, मामा खंदक. मी दोघांना व्हरांड्यात बसवून समजावलं, की हे इंग्रजांच्या पार्कातलं जुनं कसब आहे. पलीकडून आलेली गुरं त्या भिंतीशी अडतात, आणि इथून बघणाऱ्याला मात्र कुंपण दिसत नाही. सलग गवत दिसतं.

"म्हंजी कंपाउंडच की, वैनी," दीर म्हणाले. "ते तर रस्त्याच्या कडंनं तारेचं हाय आपलं."

मी दाताच्या दुखण्यासाठी तालुक्याला, भूमला गेले होते, तेवढ्यात त्यांनी जेसीबी आणून चर बुजवला. वर मुरूम टाकला आणि गाड्या लावायला जागा केली. परत आले तर शेजारचे दोघं तिथं मोटारसायकल फिरवून जमीन दबली का बघत होते. दीर म्हणाले, "किती सपाट झालं बघा."

पहिल्याच लग्नात, अक्षता पडायच्या वेळेला, माळापलीकडच्या नव्या वस्तीची गुरं चरून परत निघाली होती. रोज पाणी घातलेल्या गवताचा वास त्यांना लागला असणार. ती मुरमावरून निवांत चालत हिरवळीवर आली. एक म्हैस कमानीचे झेंडू खात उभी राहिली. आचारी झारे घेऊन धावले, त्यामुळं बाकीची बुजून खुर्च्यांत शिरली. वरमाय ओरडत होती. नवरी तेवढी हसत होती.

दुसऱ्या दिवशी मामा चहाला बसले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"आजवर कधी गुरं आली न्हाईत. आताच कशी आली?"

"चर बुजवला म्हणून," मी म्हणाले.

"पण चराच्या पल्याड तर आपलंच रान. कुणाची गुरं अडवायला खणला हुता?"

हा प्रश्न त्यांनी आधी विचारला असता तर बरं झालं असतं. चराच्या पलीकडं गवताखाली घरांच्या जोत्यांच्या रेघा आहेत, कोपरे आहेत, एक बुजवलेला आड आहे, हे मी सांगितलं.

"खामखा कायतरी," मामा म्हणाले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सुपात तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वस्ती तितंच हुती. माझ्या सासूनं सांगितलंय मला. व्हरांड्यातून चुलीचा धूर दिसतोय म्हणून माळाच्या पल्याड हलवली. पावसाळ्याच्या तोंडाला."

"हे मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

आधी गुरं अडवली आणि मग घरंच हलवली. माळापलीकडच्या वस्तीला अजून 'नवी' का म्हणतात, तेही उलगडलं. मी फलकावर लिहिलं: 'येथे पूर्वी वस्ती होती. बंगल्यापुढचा देखावा मोकळा दिसावा म्हणून ती हलवण्यात आली.'

मामांनी दुसरं वाक्य खोडलं आणि 'कालांतराने वस्ती स्थलांतरित झाली' असं सुचवलं.

"घरं आपल्या पायानं चालत गेली का, मामा?"

"तसं न्हाय. पण लग्नाला आलेल्या माणसाला हे कशाला?"

दिरांना तर 'निजामाचे राजेशाही उद्यान' हवं होतं. निजामाचा इथं पायही लागला नाही, म्हटलं तर, "लागला नसंल कशावरून?" नोकरीसाठी पुण्यात असलेल्या नवऱ्याचा फोन आला, "कशाला एवढं ताणतेस? फलकच तर आहे." त्या सगळ्यांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला. पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि आम्ही त्या एका वाक्यावर अडून होतो.

शेवटी मी नव्या वस्तीवर गेले. ज्यांची घरं होती त्यांनाच विचारावं, काय लिहू. तिथल्या एका म्हातारबाबांना त्यात नवल वाटलं नाही.

"आमाला ठावं हाय की. आमचं घर चिंचंपाशी हुतं."

"चिंचंपाशी आमचं," त्यांची शेजारीण म्हणाली, आणि त्यांचा आपसांत वाद सुरू झाला. मी फलकाचा विषय पुन्हा काढला. शेजारणीनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"बाई, फलक ऱ्हाऊ द्या. तितं लिंबाखाली आमची मरीआई हाय. मंगळवारी निवद घेऊन येतो आमी, तर आता फाटकाला कुलूप. त्याचं कायतरी करा."

मी रोज त्या रानातून हिंडत होते. लिंबाखालचा शेंदराचा दगड बघत होते. तो माळ्याचा देव, असं घरात सांगत, आणि मीही तेच धरून चालले होते.

त्याच संध्याकाळी, भांडायची पूर्ण तयारी करून, मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "देवाला कोण आडवतंय? बाजूचं फाटक उघडं ठेवा." झालं. इतके महिने एका वाक्यासाठी घसा कोरडा केला, आणि हे चहा थंड व्हायच्या आत सुटलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड.

फलकावर आता 'येथे पूर्वी वस्ती होती' एवढंच आहे. ती कुणी हलवली, ते नाही. पुढचं मी अजून मागते आहे, मामा अजून 'बघू' म्हणतात. पाहुणे त्याला टेकून फोटो काढतात. चर उकरायला दीर तयार नाहीत. गुरं शिरली त्यानंतर लगेच त्यांनी त्या जागी खांब रोवून हिरवी जाळी ताणली, आणि व्हरांड्यातून डोंगर जाळीमागं गेला.

मंगळवारी लग्न असलं तरी बायका येतात. दीर त्यांना कडेकडेनं जायला सांगतात. त्या मान हलवतात आणि खुर्च्यांच्या मधून सरळ लिंबाकडं जातात.